चांगुणाबायचा बांध

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर परवा कागद लागला. 'रविवारी खाडीकिनारी निसर्गसहल. नाश्ता आपापला आणावा.' सेक्रेटरी स्वतः जिना चढून सांगायला आले. "वहिनी, तुम्ही इथल्या जुन्या. सारसोळ्याकडच्या सगळ्या वाटा तुम्हाला माहीत. तुम्हीच पुढे व्हा." मी म्हटलं, मला जमणार नाही. का म्हणून त्यांनी विचारलं, तर मी चक्क दार लावून घेतलं. माणूस भला आहे, त्याचा काही दोष नाही. पण मी एकदा अशीच पुढे झाले होते, आणि तेव्हा काय झालं ते जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. ते सांगायचं तर आधी चांगुणाबाय सांगावी लागेल.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. दादरची दहा बाय बाराची खोली सोडून आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि मला जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. पत्र्याचे डबे करणारा छोटा कारखाना. ऑफिसात आम्ही दहा-बारा माणसं, आणि सगळ्यांवर चांगुणाबाय. पगारपत्रकात तिचं काम झाडलोट आणि चहा असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच रागावण्याचं काम करायची आणि मधल्या वेळात चहा द्यायची.

पन्नाशीची असेल. काळीशार, काटक, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. नवरा मिठागरात राबून राबून गेलेला. एकुलती एक लेक उरणला दिलेली. सारसोळ्याला स्वतःचं दोन खोल्यांचं घर आणि खाडीला लागून दीड एकर भातशेती. नोकरी ती मिठामिरचीपुरती करायची, तिचा जीव त्या दीड एकरात होता. आम्हाला कोणाला तिने नावाने हाक मारली नाही. मी 'टायपीन', गोदाम सांभाळणारे परब 'गोदामवाला', आणि मॅनेजरसाहेब नुसते 'म्यानेजर'. सगळ्यांना सरसकट 'तू'. कपात सिगरेटची राख दिसली की तो कप तसाच साहेबांच्या टेबलावर परत. "ह्यो चुला नाय. राख भायेर झार." साहेबही गुपचूप कप घ्यायचे.

तिच्या रागाचं कारण मला कळलं ते एका रविवारी. गोदामवाल्या परबांनी टूम काढली, रविवारी खाडीवर फिरायला जायचं. आम्ही सगळे मुंबईच्या चाळींतून आलेले. एवढं आकाश, एवढं पाणी, बगळ्यांच्या रांगा, तिवरांची हिरवी भिंत, सगळ्याचं आम्हाला अप्रूप. सारसोळ्यापासून थेट बेलापूरच्या अंगाला एक मातीचा उंच बांध गेलेला होता. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेतं. आम्हाला वाटलं, फिरायला याहून छान वाट कोणती? गाणी म्हणत निघालो. परब कॅमेरा घेऊन उतारावरून खाली घसरले, दोघी-तिघी त्यांच्यामागे घसरल्या. मातीची ढेकळं गडगडत खाडीत गेली.

"मदून चाला! कडंनं नको! कड ढासलंल!"

पलीकडून चिखलाने माखलेली एक बाई हातात फावडं घेऊन धावत येत होती. जवळ आल्यावर ओळख पटली. परब हसून म्हणाले, "अरे, चांगुणाबाय! काय मस्त जागा आहे तुमची."

"ह्यो बांध हाय! तुमची चौपाटी नाय!" ती ओरडली. "चार पिढ्यांचा चिखल हाय ह्यो. खारं पानी आत शिरला तर तीन वर्सं भात नाय होत. तुज्या फोटूत येल काय भात?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा आला तो शिव्यांबरोबर. आम्ही खजील झालो होतो, पण आम्ही पुन्हा जाणार हे तिने ओळखलं होतं. दुपारी कप उचलताना ती माझ्या टेबलाशी थांबली. "यायचाच आसंल तर मना सांगून या. मी पुढं व्हईन, तुमी मागं." ही काही आमच्यावरची माया नव्हती. बांधावर आमची पावलं पडणारच असतील तर ती तिच्या नजरेसमोर पडावीत, एवढंच. आमच्या सहली सुरू झाल्या त्या अशा.

वेळ ती ठरवायची, आणि तीही तिथीवरून. "परवा पंचमी. साडेनवाला सुकती. सातला बांधावर या." सुकती म्हणजे ओहोटी. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि आमची सहा घड्याळं मिळून तिच्याइतकी अचूक नव्हती. तिथीवरून भरती-ओहोटीचा हिशेब ती बोटांच्या पेरांवर करायची. मॅनेजरसाहेब एकदा गाडी घेऊन दहाला उगवले आणि खडकावर उभं राहून फोटो हवा म्हणून हट्ट धरून बसले. ओहोटी होती, खडक उघडा होता. चांगुणाबाय म्हणाली, पाणी फिरलंय, जाऊ नको. साहेब म्हणाले, पाचच मिनिटं. फोटो झाला, पण येताना साहेब चिखलात मांडीपर्यंत रुतले. पाणी मांडीला लागलं तशी साहेबांनी हाका मारायला सुरुवात केली. ही बांधावर बसून तपकीर ओढत होती.

"बाई, काढा हो!"

"पाच मिंटं झाली का बग तुज्या घड्यालान."

मग उठली, कुठून तरी एक फळकूट आणून चिखलावर टाकलं, त्यावर पोटावर पडून सरकत गेली आणि साहेबांना कोपराला धरून ओढून काढलं. बूट तिथेच राहिले. सोमवारी साहेब चपला घालून आले आणि चहा आला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

असं असूनही आम्ही जात राहिलो, कारण तिच्यामागून चालताना खाडी दिसायची ती वेगळीच. निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावर शेपटीने कशा उड्या मारतात, चिंबोरीचं बीळ कुठलं आणि सापाचं कुठलं, जिताडा मासा कोणत्या वळणावर येतो, सगळं ती रागारागानेच सांगायची. कोणी "काय सुंदर!" म्हटलं की भडकायची. "बगले काय तुज्यासाठी नाचतान? पोट भरतान ते."

बांधाची व्यवस्था मला तिच्याकडूनच कळली. सगळा बांध गावातल्या घरांमध्ये वाटलेला होता. प्रत्येक वाट्याच्या हद्दीला एक दगड. उधाणाच्या आधी ज्याने त्याने आपल्या वाट्यावर चिखल चढवायचा. एकाने कुचराई केली तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात, म्हणून कोणी कुचराई करत नसे. पण आता गावातल्या जमिनी नव्या शहरासाठी कागदावर गेल्या होत्या. पैसे वाटून झाले होते. ताबा घ्यायला मात्र अजून कोणी आलं नव्हतं. गावकऱ्यांनी बांधाकडे पाठ फिरवली. कोणी कळंबोलीला ट्रकवर लागला, कोणी पानाची गादी टाकली, कोणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. जी जमीन जाणारच, तिच्यासाठी चिखलात कोण उतरणार? त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. चांगुणाबाय मात्र दरसाल पेरत होती. "कागुद गेला त्यांच्याकरं. शेत हितंच हाय," असं म्हणायची.

आणि आपल्या वाट्याबरोबर ती शेजारच्या चार वाट्यांवरही चिखल चढवायची. एकेक गोळा थापताना ज्याचा वाटा त्याच्या नावाने ठणाणा करायची. "ह्यो लक्षुमनाचा! बस तू पानाच्या गादीवर! ह्यो बाल्याचा! ट्रकान बसून राजा झालास!" गोळा थप्पकन बसायचा. आम्ही हसायचो. आमच्यापैकी एकानेही, मी धरून, कधी गोळा उचलला नाही. थर्मासमधला चहा पीत आम्ही ते बघत बसायचो.

तिच्या शेताच्या कोपऱ्यावर बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायची आणि भरतीचं पाणी बाहेर अडवायची मोरी. दोन्ही बाजूंना दगडी खांब, त्यांत खाचा, आणि खाचांमध्ये एकावर एक सोडायच्या पाच ऐनाच्या फळ्या. उन्हाळ्यात ती त्या फळ्यांना माशाचं तेल पाजायची, लेकराला न्हाऊ घालावं तसं चोळून चोळून, हे मला फार मागाहून कळलं. त्या उघाडीच्या दगडावर बसून मी दहा वेळा डबा खाल्ला असेन. फळ्या नेहमी पाण्यात, चिखलात. त्यांच्याकडे मी कधी धड पाहिलं नाही. विचारायचंही कधी सुचलं नाही.

त्या वर्षी भाद्रपदात लेकीच्या बाळंतपणासाठी चांगुणाबाय उरणला गेली. जाताना मला बजावून गेली, "मी येईस्तवर बांधावर कोनी जायचा नाय." मी हो म्हटलं. दोन-तीन दिवस तुफान पाऊस झाला आणि शनिवारी लख्ख उघडलं. परब म्हणाले, उद्या जाऊ या. मी म्हटलं, बाय नाही. ते म्हणाले, "तुम्ही आहात की! तुम्हाला सगळं माहीत झालंय आता." आणि मला ते आवडलं. स्पष्टच सांगते, मला ते फार आवडलं. रविवारी मी पुढे, मागे दहा माणसं. तिथी अष्टमी हेही मी मोजून ठेवलं होतं, बाराला ओहोटी. "मधून चाला," असं तिच्याच थाटात मी दोन-तीनदा ओरडलेही.

भजी करायची ठरली होती. कढई होती, पीठ होतं, कांदे होते, रॉकेलची बाटली होती. सरपण नव्हतं. उघाडीच्या बाजूला दगडाखाली पाच फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. परबांनी विचारलं, "ही लाकडं घेऊ का हो?"

मी म्हटलं, "घ्या. पडलीच आहेत."

पावसाचं पाणी शेतात तुंबू नये म्हणून उरणला जाण्याआधी चांगुणाबायने फळ्या काढून ठेवल्या होत्या. अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, पाणी उघाडीच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. आठवडाभर मोरी उघडी ठेवायची, शेताचं पाणी जाऊ द्यायचं आणि उधाणाच्या आत येऊन फळ्या पुन्हा सोडायच्या, असा तिचा बेत होता. मला तिथी मोजता येत होती, पण ती कशासाठी मोजतात ते कळत नव्हतं. तेल प्यायलेल्या फळ्या झकास पेटल्या. धुराला माशाचा वास येत होता. कोणी तरी म्हणालं, खाडीचा वास आहे. भजी कुरकुरीत झाली. मी दोनदा घेतली.

पुढच्या शनिवारी मी टाइप करत होते. चांगुणाबाय ऑफिसात आली, चहाच्या खोलीकडे न जाता सरळ माझ्यापाशी आली आणि एका फळीचं अर्धवट जळलेलं टोक तिने टाइपरायटरच्या बटणांवर ठेवलं. मशीन काळं झालं. सगळं ऑफिस उभं राहिलं.

"टायपीन, ह्या काय हाय?"

मला कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं.

"भजी चांगली झाली व्हती ना? कांद्याची सालं बगली मी. माज्या उघारीच्या पाच फल्यांची भजी खाल्ली तुमी! काल सकाली आले तं भरती आत. माज्या भातान खारा पानी. भातान, गो! दानं भरत व्हतं!" तिचा आवाज कारखान्याच्या यंत्रांच्या वर गेला. "गाववाल्यांनी सोरला, त्यांचा मना समजतं. त्यांचं पोट हाय. तुमचा काय व्हता? तुमाला फिराला वाट दिली, त्या माजा चुकला!"

साहेब केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, बाई, शांत व्हा, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या घेऊन जा, हव्या तेवढ्या. ती त्यांच्यावर उसळली. "तुजा देवदार खाऱ्या पान्यान म्हयना नाय टिकाचा! लाकूर नको मना. उद्या पुनव हाय, बाराला उधान. जल्ली भजी खाल्ली त्यांनी सकाली सहाला बांधावर या. चिखल उचलाला. चला, सहल हाय!"

भजी खाणारे आम्ही अकरा. सहाला पोचलो ते तिघे: मी, परब आणि डिस्पॅचची सुलभा. बाकीच्यांना पाहुणे आले होते, कंबर धरली होती, एकाने तर सरळ म्हटलं, आम्ही काय बिगारी आहोत का? भजीच्या वेळी त्याची कंबर आणि प्रतिष्ठा दोन्ही ठीक होती. मला त्या आठ जणांचा आजही राग येतो, पण स्वतःचा येतो तितका नाही.

गावातून जाताना तिच्या घरावरून गेलो. दाराच्या जागी गोणपाट लटकत होतं. मला वाटलं, काही दुरुस्ती चालली असेल. उघाडीपाशी पोचलो. दोन दगडी खांबांच्या खाचांत तिच्या घराचं दार उभं होतं. हिरव्या रंगाचं सागवानी दार, रुंदीला जास्त झालं म्हणून एका बाजूने उभं कापलेलं. लेकीच्या लग्नात त्यावर उठवलेले कुंकवाचे हात तसेच होते. कडी अजून लटकत होती आणि पाणी हललं की वाजत होती. शुक्रवारी भरती आत शिरताना बघून ती घरी पळाली होती, बिजागऱ्या उचकटून दार डोक्यावर घेऊन आली होती आणि पानवाल्या लक्ष्मणाच्या करवतीने कापून एकटीने ते खाचांत उतरवलं होतं.

आम्ही तिच्याकडे बघितलं. "बगता काय? चिखल आना!"

चार तास आम्ही चिखल वाहिला. दाराच्या फटींत पेंढा कोंबला, वर गोळे थापले. परबांच्या हाताला फोड आले, सुलभा रडत होती पण थांबली नाही. चांगुणाबाय प्रत्येक गोळ्याला आता आमची नावं घेत होती. "ह्यो टायपीनीचा! ह्यो गोदामवाल्याचा!" बाराला उधाण आलं. पाणी दाराच्या कडीपर्यंत चढलं, तिथे घटकाभर राहिलं आणि उतरलं. दार टिकलं. पण शुक्रवारचं पाणी आत जायचं ते गेलंच होतं. खालच्या अंगाचं अर्ध्या एकराचं भात पिवळं पडलं, लोंब्या पोचट निघाल्या, आणि तो तुकडा पुढे तीन वर्षं नुसता पांढरा पडून राहिला. त्या तुकड्याकडे पाहिलं की माझा "घ्या" हा शब्द मला ऐकू यायचा.

सहली बंद झाल्या. मी मात्र उधाणाच्या आधीच्या रविवारी जात राहिले, कधी परबही येत. तिने मला ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. माफ केलं असं तर मुळीच नाही. फावडं पुढे करायची आणि माझा गोळा सैल बसला की तो लाथेने पाडून पुन्हा थापायला लावायची. नव्या फळ्यांसाठी परबांनी कुठून कुठून ऐनाचं लाकूड शोधलं. तिने ते घेतलं नाही. घराला पत्र्याचा तुकडा लावून घेतला आणि दार उघाडीतच ठेवलं. ऑफिसात चहा तसाच यायचा, शिव्याही. माझ्या कपात साखर मात्र पुन्हा कधी पडली नाही. ते मी कोणाला सांगितलं नाही आणि साखर मागितलीही नाही.

मग ऐंशीनंतर एक दिवस ताबा घ्यायला माणसं आली. मुरुमाचे डंपर शेतांत उतरू लागले. उभी पिकं घ्यायला चार दिवस मिळाले. गावात बरंच काही झालं, आरडाओरडा, मोर्चा, पोलीस. चांगुणाबाय सगळ्यांत पुढे होती असं ऐकलं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

मी गेले तो रविवार होता. तिच्या दीड एकराच्या जागी लाल मुरूम पसरला होता, बांधाच्या आतल्या अंगाला जवळजवळ माथ्यापर्यंत. उघाडी आतून बुजली होती. ती खाडीच्या बाजूने चिखलात उभी राहून दार वर ओढत होती. चार-पाच वर्षं खारं पाणी प्यालेलं ते दार काळं पडलं होतं, तळाकडे शिंपल्या चिकटल्या होत्या. कुंकवाचे हात कधीच धुऊन गेले होते. कडी होती.

"मावशी, कशाला काढता आता?"

"शेत घेतला त्यांनी. दरवाजा माजा हाय. त्याचा पैसा नाय घेतला मी."

दार सुटलं. तिने ते बांधावर आडवं टाकलं, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. मी दुसरं टोक उचलायला वाकले.

"हात नको लावू!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडचा डंपरवालाही बघू लागला. "तुजा हात लाकराला लागला का इस्तव होतो."

मी हात मागे घेतला. तिने एकटीने दार उचललं. एका बाजूने कापलेलं ते दार आता घराच्या चौकटीत पुरं बसणार नव्हतं, वीतभर फट राहणारच होती. ते तिलाही माहीत असणार. ती निघाली. ओलं दार डोक्यावर, पाणी खांद्यांवरून ओघळतंय, दर पावलाला कडी वाजतेय. बांधाच्या दोन्ही बाजूंना आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तिच्यामागून चालले होते. डोळ्यांत पाणी असल्यामुळे माझा पाय कडेला गेला आणि एक ढेकूळ सुटून खाडीत गडगडलं.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मदून चाल गो! कड ढासलंल!"

मी मधून चालले.